बंद करू नये

हे मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेले. मी ऑक्सिजनच्या यंत्राचं बटण बंद केलं. मग त्याच्या शेजारचं बटण बंद केलं. त्या बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर लिहिलं होतं, 'बंद करू नये'. मी ती वाचली होती.

वाचली होती हे मुद्दाम लिहिते आहे. जुन्नरच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. पट्टीवरचं अक्षर यांचंच होतं, शिरोरेघ नेहमीसारखी उजवीकडे वर चढत गेलेली. आजारपणाचे आठ महिने मी त्या पट्टीसमोर बसून यांना औषधं दिली. घाईत नजर गेली नाही, असं म्हणण्याची सोय मला नाही.

त्या दुसऱ्या बटणावर एक जुना कॉम्प्युटर चालत असे. हे ओतूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत. निवृत्त झाल्यावर आम्ही यांच्या गावी, डिंभ्याला राहायला आलो, तेव्हा कॉलेजने मोडीत काढलेला तो डबा यांनी मागून आणला होता. आमची आळी टेकडीच्या आड आहे, मोबाईलला रेंज नाही. रेंज हवी तर धरणाच्या रस्त्यावर चढून जावं लागतं. समोरच्या डोंगरावरच्या अँटेनावरून यांनी घरापर्यंत इंटरनेटची लाईन ओढली आणि तिच्यावरच वाचनालय, शाळा आणि आळीतली पाच-सहा घरं जोडून दिली. लाईन संथ होती. एक प्रश्न बाहेर जाऊन परत यायला इतका वेळ लागायचा, की माणूस फोन खाली ठेवून भाकरी उलटून यायचा.

कॉम्प्युटरचं काम काय, हे यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते चहा पिता पिता. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला एक आकडा असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नाव लिहितो. मग त्या नावाचा आकडा कुणीतरी शोधून द्यावा लागतो. तो शोधणारा एरवी फार लांब बसलेला असतो आणि आपला फोन प्रत्येक वेळी त्याला विचारायला जातो. त्यापेक्षा घरातच एक विचारण्याची जागा करायची. तिने एकदा लांब जाऊन विचारून यायचं आणि उत्तर लक्षात ठेवायचं. दुसऱ्या कुणी तेच नाव विचारलं की घरातल्या घरात सांगून टाकायचं. एवढंच.

"आणि तिला ठाऊक नसेल तर?" मी विचारलं होतं.

"तर तेही लक्षात ठेवते. असं नाव नाही, म्हणून सांगते."

यांनी तिचं नाव 'ताई' ठेवलं होतं. ताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या निमगाव सावाला दिलेल्या. धरण झालं तेव्हा जुनं गाव उठलं आणि घरं चहूकडे पांगली, कुणी पूर्वेच्या गावांत गेलं, कुणी वर डोंगरात. नावं तीच राहिली, पत्ते बदलले. त्या काळात अमक्याचं घर आता कुठं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे : ताईला विचार. वन्संना ते सगळं तोंडपाठ होतं. म्हणून हे रोज सकाळी उठून म्हणायचे, ताई उठली का बघतो. कॉम्प्युटरला असं म्हणतात हे वन्संना ठाऊक नव्हतं. कधीतरी सांगू, म्हणायचे.

प्रत्येक उत्तराला मुदत असते, हेही मला यांनीच सांगितलं. कुठल्या नावाची पाच मिनिटं, कुठल्याची एक दिवस. मुदत संपली की ताई ते विसरते आणि नव्याने विचारून घेते, कारण मधल्या काळात पत्ता बदललेला असू शकतो. मात्र लाईन पडलेली असेल तर मुदत संपलेलं उत्तरही देऊन टाकायचं, अशी व्यवस्था यांनी केली होती. शिळं आहे, पण उपाशी ठेवण्यापेक्षा बरं, असं म्हणायचे.

त्या मंगळवारी मला आवाज नको झाला होता. आठ महिने त्या खोलीत तीन आवाज होते, ऑक्सिजनच्या यंत्राचा, कॉम्प्युटरच्या पंख्याचा आणि यांच्या श्वासाचा. श्वास थांबला. पहिलं यंत्र मी बंद केलं. उरलेला पंखा चालतच होता, काही झालं नाही अशासारखा. मी ते बटण दाबलं आणि खोली शांत झाली. तेवढ्या शांततेत मी यांच्याजवळ बसले. मग दिरांना हाक मारली.

माझे दीर शेजारीच राहतात. त्यांनी यांचाच फोन उचलला, कारण सगळ्यांचे नंबर त्यात होते, आणि नातेवाइकांच्या, गावच्या, ओतूरच्या कॉलेजच्या, अशा सगळ्या ग्रुपवर एकच निरोप टाकला : 'दादा आज सकाळी गेले. अंत्यविधी दुपारी तीन वाजता.' फोन टेबलावर ठेवून ते धरणाच्या रस्त्यावर गेले, डॉक्टरांना आणि भटजींना फोन केले, पुण्यातल्या चुलतभावाला केला. वन्संना वेगळा केला नाही. ताईच्या घरात सगळे दिवसभर फोनमध्येच असतात, म्हणाले, एव्हाना निघालीही असेल.

मी ते ऐकलं. बटण आणि निरोप यांचा संबंध मला तेव्हा जोडता आला नाही. खरंच आला नाही. या एका गोष्टीपुरती मी स्वतःवर विश्वास ठेवते.

तीनपर्यंत थांबलो. मग चारपर्यंत. गावातले म्हणाले, आता किती वेळ ठेवायचं. घाटावर नेलं.

वन्सं साडेसहाला आल्या. नारायणगावच्या बाजारात त्यांच्या गावच्या कुणाला तरी बातमी लागली होती, त्याने घरी जाऊन सांगितलं, मग त्या मिळेल ते वाहन करून निघाल्या. ओट्यावर बसल्या. आत आल्या नाहीत. दिरांनी सांगितलं, सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं. वन्संनी कनवटीचा फोन काढून त्यांच्यापुढे धरला.

"दाव. कुठं हाय?"

नव्हता. दीर म्हणाले, रेंजचा काहीतरी घोळ असेल. वन्सं म्हणाल्या, "चार घरं सोडून परकी असते तरी माणूस धाडला असता." पाणीही न घेता त्या आल्या तशा परत गेल्या.

गुरुवारी सकाळी राख सावडून आल्यावर वाचनालय सांभाळणारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पूर्वी एसटीत कंडक्टर होते. खूप वेळ चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की अशा वेळी विचारू नये, पण मंगळवारपासून नेट बंद आहे, शाळेतपण, आळीतपण. ते यांनाच कळायचं, आता कुणाला विचारावं.

तेव्हा मला कळलं. ताई बंद, म्हणून कुणाच्याच फोनला कुठला आकडा मिळत नव्हता. मी आत गेले आणि बटण सुरू केलं. पंखा फिरायला लागला. एखाद-दोन मिनिटं गेली असतील. टेबलावर यांचा फोन चार्जरला तसाच होता. तो वाजायला लागला, आणि मंगळवारी सकाळी दिरांनी टाकलेला निरोप, जो दोन दिवस त्यातच अडकून होता, तो गेला. सगळ्या ग्रुपवर, एकदम. 'दादा आज सकाळी गेले. अंत्यविधी दुपारी तीन वाजता.'

दुपारी पावणेतीनला ओतूरहून कॉलेजचे जुने शिपाई आले. हातात हार, पिशवीत नारळ. बसची खात्री नाही म्हणून दोन ठिकाणी जीप बदलून आले होते, घामाने भिजले होते. अंगण मोकळं बघून गोंधळले.

"लई उशीर झाला का, बाई? नेलं का?"

मी त्यांना पाणी दिलं. ते एका दमात प्यायले आणि आत डोकावून हळूच म्हणाले, "सर कुठं बसल्यात? त्यांना भेटतो आधी. थोरला भाऊ गेला म्हंजी बापच गेला की ओ."

मला काही कळेना. मग त्यांनी फोन दाखवला. निरोप यांच्या नंबरवरून आला होता. लिहिणारे दीर होते, दिरांचे दादा म्हणजे हे. पण वाचणाऱ्याला वाटणार, यांचे कुणी दादा गेले. ओतूरची माणसं यांचं सांत्वन करायला निघाली होती. त्या दुपारी आणखी दोघांचे मेसेज त्या फोनवर आले : सर, धीर धरा.

शिपायांना मी सांगितलं. ते ओट्याच्या कडेला टेकले. हाराचं काय करावं ते त्यांना सुचेना, तो त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवला, मग काढून माझ्या हातात दिला.

वन्संनाही तो निरोप त्याच सकाळी मिळाला. त्यांनी दिरांना फोन केला. दीर धरणाच्या रस्त्यावर होते, तिथून उतरून आले तेव्हा चेहरा पडलेला होता. वन्सं त्यांना म्हणाल्या होत्या, तिसऱ्या दिवशी मेसेज टाकून मोकळे झालात, वर लिहिताय आज सकाळी. मला काय येडी समजता.

दहाव्याला त्या परस्पर घाटावर आल्या, लांब उभ्या राहिल्या आणि परस्पर गेल्या. नंतर बोलणं थांबलं. दीर दोनदा निमगाव सावाला जाऊन आले, दोन्ही वेळा पडवीतून परत. घरी येऊन ते इंटरनेटच्या लाईनीला शिव्या द्यायचे. नेमकं त्याच दिवशी मरायचं होतं का हिला, म्हणायचे. मी भाजी चिरत ऐकत असे. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. बहीण-भावाचं तुटत चाललं होतं आणि ते माझ्या बोटामुळे, हे मला एकटीला ठाऊक होतं.

दरम्यान ताई सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नाही, आलं. यांनी आजारपणात माझ्यासाठी एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, शाळेच्या धड्यासारखं, आकडे घालून. रोज सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची काळी खिडकी उघडावी. कुठलंही एक नाव विचारावं. उत्तर आलं तर चहा घ्यावा. उत्तर नाही आलं तर आधी चहा घ्यावा, मग पान चार बघावं. खिडकी उघडायला यांचं नाव टाइप करावं लागे. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी तोंडाने घेतलं नव्हतं. बोटांनी घ्यायला काही वाटलं नाही. काही वाटलं नाही याचं मात्र दिवसभर वाटत राहिलं.

वहीच्या शेवटच्या पानावर घरगुती नावांची यादी होती. ही नावं बाहेरच्या जगात कुठेच नाहीत, फक्त आमच्या ताईला माहीत. वाचनालयाचा कॉम्प्युटर 'पोथी', शाळेतला 'फळा', घरचा प्रिंटर 'शाई', आणि ती स्वतः 'ताई'. चार नावं, चार आकडे. खाली लिहिलं होतं : यांना मुदत नाही.

दिवाळीच्या आसपास तिच्यातून कटकट असा आवाज यायला लागला. वही त्यावर गप्प होती. मी जुन्नरला फोन केला. तिथे यांचे मित्र कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात. त्यांच्या पणजोबांपर्यंत घरात हातकागद बनत असे. पुढे ते थांबलं, मग घड्याळं, रेडिओ, आता हे. यांची आणि त्यांची तरुणपणापासूनची दोस्ती, मला ते वहिनी म्हणतात. ते आले, टेबलाखाली मांडी घालून बसले आणि आधी पट्टीकडे बघून म्हणाले, "कागद मिलचा हाय, वहिनी. पिवळा पडनार."

मग त्यांनी डबा उघडून कान लावला. डिस्क जात चालली आहे, म्हणाले. आत किती बिघाड झाला ते बघायला त्यांनी मागच्या नोंदी काढल्या. कॉम्प्युटर स्वतःची डायरी लिहितो, कधी सुरू झाला, कधी थांबला. ते वाचत गेले, तारखा पुटपुटत. एका ठिकाणी थांबले.

"इथं नोंदी एकदम तुटल्यात. मंगळवारी सव्वानऊला. नंतर गुरुवारी चालू."

त्यांनी पुन्हा पट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाईट गेली असंल त्या दिवशी."

"लाईट नव्हती गेली," मी म्हणाले.

ते बराच वेळ स्क्रू पुसत राहिले. वन्संचं सगळं त्यांना माहीत होतं, दिरांनी सांगितलं होतं. शेवटी म्हणाले, "मी सांगतो ना दोघांना. डिस्क खराब व्हती, मशीन आपोआप बंद पडलं. खोटं बी न्हाई. डिस्क खराब हायेच." आणि हेही म्हणाले की आता हे जपण्यात अर्थ नाही, बाहेरची लाईन जिथे येते त्या मुख्य डबीत दोन आकडे टाकले की फोन परस्पर बाहेर विचारतील, पाच मिनिटांचं काम. "तुमी किती वर्सं बघणार, वहिनी?"

मी म्हणाले, दोन दिवस द्या.

ते दोन दिवस मी थकलेली होते, एवढंच आठवतं. त्यांनी दिलेली वाट चांगली होती. वन्संचा राग यंत्रावर गेला असता, दीर सुटले असते, मीही. फक्त यांच्या अक्षरातली ती पट्टी खोटी पडली असती. यांनी मला सांगून ठेवलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ही आमच्या दोघांमधली शेवटची गोष्ट होती. ती मला डिस्कच्या नावावर घालता येईना.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. सकाळची गाडी आली नाही, तासाभराने दुसरी आली. मंचर, मग नारायणगाव, मग निमगाव सावा. पोचायला बारा वाजून गेले. वन्सं पडवीत मेथी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी बसले आणि मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. यंत्र काय करतं, ते बंद झालं की निरोप का जात नाही, आणि ते कुणी बंद केलं. दिरांनी निरोप सकाळीच लिहिला होता, हे दोनदा सांगितलं. वन्संचा हात चालू होता. पानं एकीकडे, काड्या एकीकडे.

"पट्टी वाचली व्हती?"

"वाचली होती."

"मग?"

"आवाज नको झाला होता. यांचा थांबला आणि तो चालूच होता."

त्यांनी दुसरी जुडी सोडली. मग विचारलं, "किती वाजेपर्यंत थांबलात?"

"चारपर्यंत."

"चारला मी मका सोलत व्हते," त्या म्हणाल्या. "हितंच बसून."

यंत्राचं नाव सांगायचं राहिलं होतं. सांगू नये असंही वाटलं, ते मऊ करण्यासाठी सांगितल्यासारखं होईल. पण कधीतरी सांगू असं म्हणून हे राहून गेले होते. मी सांगितलं. कुणाचं घर कुठं गेलं ते तुम्हाला तोंडपाठ होतं म्हणून, असंही सांगितलं.

वन्संचा हात थांबला.

"डब्याला?"

"हो."

"मला कधी बोलला न्हाई."

त्यांनी पदराने नाक पुसलं आणि काड्या गोळा करून सुपात टाकल्या. उठताना गुडघ्यावर हात रोवून म्हणाल्या, "जेवून जा. बस चारला हाय."

निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"चालू हाय का आता?"

"आहे. डिस्क जाणार आहे तिची."

"मग घाल की नवी," त्या म्हणाल्या. "बंद नको करू."

जुन्नरच्या मित्रांनी नवी डिस्क घातली. चार नावं नव्या डिस्कवर लिहायला त्यांना चार मिनिटं लागली. दिरांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले, आता पूर्वीसारखं बोलतात. वन्संचा त्यांना सणावाराला फोन येतो.

नंतर आळीत तारेतून येणारी वेगवान लाईन आली. शाळेने ती घेतली, घरांनीही. 'फळा' हे नाव यादीत आहे, पण त्या नावाचं यंत्र आता तिथे नाही. विचारलं तर ताई जुनाच आकडा सांगते. वाचनालय आणि माझा फोन, एवढेच तिला विचारायला उरलेत. रोज सकाळी मी एक नाव विचारते. उत्तर येतं. चहा घेते.

पट्टी पिवळी पडली आहे, एक कोपरा सुटला आहे. वर्षश्राद्धाला वन्सं आल्या होत्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आतल्या पंख्याचा आवाज ऐकत होत्या असं मला वाटलं.

ताई चालू आहे. वन्सं अजून आत आलेल्या नाहीत.